नातं : इतर

खिडकीपलीकडच्या बाईंनी फॉर्म परत त्याच्याकडे सरकवला आणि पेनाच्या टोपणानं एका चौकोनावर टकटक केलं. "रुग्णाशी नातं, इतर," त्यांनी वाचून दाखवलं. "इतर म्हणजे कोण?" आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. दुपारच्या सुस्त वेळी पन्नासावा फॉर्म तपासणाऱ्या माणसाचा कंटाळा तेवढा होता. "मी तिचा," असं म्हणून तो थांबला. गेल्या आठ वर्षांत हे वाक्य त्याला कुणी पुरं करायला लावलं नव्हतं. शाळेच्या फाटकावर, दुकानात, शेजाऱ्यांच्या दारात ती त्याचा हात धरून उभी असायची आणि वाक्य तिथेच, त्या धरलेल्या हातात, संपून जायचं. आता ती आत पडद्यामागे खाटेवर होती. शाळेच्या जिन्यावरून पडून तिचं उजवं मनगट नको त्या जागी वाकलं होतं, आणि त्याचे दोन्ही हात रिकामे होते. बोटांच्या पेरांत लॅबमधलं प्लास्टर वाळून पांढरं झालं होतं, कारण शाळेचा फोन आल्यावर तो तसाच धावत सुटला होता. "सावत्र वडील," तो म्हणाला. हा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच तोंडाबाहेर काढला होता आणि दुसऱ्याच्या मापाची कवळी घातल्यासारखा तो हिरडीला टोचला. "आई?" बाईंनी विचारलं. "गेली. दहा महिने झाले." टोपणाची टकटक थांबली. बाईंनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "दत्तकाचा काही कागद? कोर्टाचा हुकूम वगैरे?" "नाही." "मग अवघड आहे हो. भूल द्यायचीय, तार घालायचीय. जिवावरचं असतं तर डॉक्टर एक मिनिट थांबले नसते. पण हे थांबण्यासारखं आहे, आणि थांबण्यासारखं असलं की सही कायदेशीर पालकाचीच लागते. माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला परत पाठवलं नसतं. शाळेच्या नोंदीत वडिलांचा नंबर आहे, तो आम्ही मागवलाय. लावू का?" पडद्यामागून ती बारीक आवाजात कण्हली, ओठ मिटून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. तिच्या आईचीच सवय. "लावा," तो म्हणाला.

हे "लावा" त्यानं पुढे कितीतरी वेळा उलटंपालटं करून पाहिलं. दुसरं काय म्हणता आलं असतं, तर काहीच नाही. पण माणसाचं मन अशा जागी हटून बसतं. तो आत गेला तेव्हा नर्स तिच्या हाताला तात्पुरतं प्लास्टर चढवत होती. "आता गरम लागेल हां खारू, घाबरू नकोस," तो वाकून म्हणाला, "घट्ट होताना ते तापतं." "माहितीये," ती डोळे मिटून म्हणाली, "तूच सांगितलंयस." सांगितलं होतंच. चार वर्षांची असताना ती लॅबमधल्या उंच स्टुलावर बसून ओल्या प्लास्टरच्या गोळ्यावर तळवा टेकवायची आणि तो कोमट व्हायला लागला की किंचाळायची, "दात्या, हे जिवंत आहे!" दात्या हे त्याचं नाव तिनंच पाडलं होतं. त्याचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवायचे, आणि तो त्यांवर मेण चढवून, मेणात एकेक दात रोवून, गुलाबी हिरड्या ओतून, घासूनपुसून पुन्हा दवाखान्यात पोचवायचा. अशाच एका दवाखान्यात ती बाई गल्ल्याशेजारी बसून लोकांना वेळा द्यायची, आणि पाळणाघर बंद असलं की टेबलाखाली तीन वर्षांची एक पोर पाय पसरून बसलेली असायची. एकदा त्यानं खोका उघडून वरचा आणि खालचा जबडा टेबलावर मांडला. पोर टेबलाखालून निघाली, हनुवटी टेबलाच्या कडेवर ठेवून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे कुणाचं हसू आहे?" तो आणि ती बाई, दोघंही एकदमच हसले होते. त्याला नंतर नेहमी वाटायचं की लग्न तिथेच झालं. सह्या वर्षभरानं केल्या एवढंच.

सह्यांचा त्याला कंटाळा होता असं नाही, विश्वास नव्हता. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षानं एका रविवारी बायको वाळलेले कपडे घडी करत बसली होती आणि म्हणाली, "आपण एकदा वकिलाकडे जाऊन येऊ. खारूला तू रीतसर दत्तक घेऊन टाक. तो सही देईल, मी विचारलंय त्याला." तो, म्हणजे पोरीचा जन्मदाता. जमिनी मोजणारा सर्वेअर. त्या काळात तो गावोगाव हिंडायचा आणि भरपूर प्यायचा, आणि बायको त्याच्याविषयी हवामानाविषयी बोलावं तसं बोलायची, रागही नाही आणि लोभही नाही. दात्या तेव्हा खिडकीत बसून पोरीच्या बुटाच्या नाड्यांची गाठ सोडवत होता. "कागदानं कुणी बाप होतं का गं?" तो म्हणाला होता. "पहाटे उठून तिची ओली चादर मी बदलतो. त्याच्यावर आणखी शिक्का कशाला?" हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे त्यानं ते दोन-तीन मित्रांनाही ऐकवलं. बायकोही हसली होती. पण हसता हसता तिनं घडी केलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी केला, हे त्याला तेव्हा दिसलं होतं की आता आठवणीनं घातलंय, कोण सांगणार. रुग्णालयाच्या बाकावर बसून तो त्या टॉवेलाचा रंग आठवत राहिला. फिकट निळा. एका कडेला दोरा निघालेला.

सर्वेअर दीड तासात आला. बुटांना लाल माती, खांद्याला कापडी पिशवी, कानांवरचे केस पिकलेले. दात्यानं त्याला कधी पाहिलं नव्हतं, एक फोटोसुद्धा नाही, तरी तो दारातून आत शिरताच ओळखलं, कारण खारूचं कपाळ चालत येत होतं. "तुम्हीच ना?" सर्वेअर म्हणाला. "हो." खिडकीशी सर्वेअरनं सहीसाठी खिसे चाचपले तेव्हा दात्यानंच आपलं पेन पुढे केलं. चौकोनात "वडील" असं लिहिलं गेलं आणि बाईंनी तो फॉर्म न बघता शिक्का मारून आत पाठवला. मग सर्वेअर पडदा सारून खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "ओळखलंस का मला?" म्हणताना तो कसनुसा हसला. समोरच्या दोन दातांत फट होती. तीच, तेवढीच. आठ वर्षं तो ती फट पाहत आला होता. दिवसभर लोकांच्या दातांतली अंतरं मोजणारा माणूस, रोज सकाळी पोरीला ब्रश करताना बघून मनाशी म्हणायचा, आईची नाही, मग ही कुठून आली असेल, आणि उत्तर माहीत असूनही तो प्रश्न तिथेच ठेवून द्यायचा. याच फटीमुळे तर तो तिला खारू म्हणायचा. खारूनं सर्वेअरकडे पाहिलं, मग मान वळवून दात्याकडे पाहिलं, उत्तर काय द्यायचं ते विचारल्यासारखं. आणि तो, तिच्या प्रत्येक गृहपाठाला मदत करणारा, खाली फरशीकडे पाहत राहिला.

हात बरा होईपर्यंत सर्वेअर तीनदा घरी आला. पहिल्यांदा आला तेव्हा डाव्या हातानं धरता येतील असे जाड रंगीत खडू घेऊन आला, आणि हे आपल्याला कसं सुचलं नाही याचा दात्याला दिवसभर त्रास झाला. सर्वेअरनं दारू सोडून पाच वर्षं झाली होती. हे तो न विचारता सांगायचा, बारकं मूल शाळेत मिळालेला तारा दाखवतं तसं. एकदा जिना उतरताना तो मध्येच थांबला आणि भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे बघत म्हणाला, "ती गेल्याचं मला कुणी कळवलं नाही." "हो. कळवायला हवं होतं." "दहा महिने पोरीला आई नाही, आणि मी इथून तासाभरावर शेतांच्या हद्दी मोजत बसलोय. तुम्ही माझ्या जागी असता तर?" कळवायचं दात्याच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि त्यानं ते तिथेच दाबून ठेवलं होतं. तिसऱ्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी लॅबच्या पत्त्यावर कोर्टाचं पाकीट आलं. त्यातल्या भाषेत खारू "अज्ञान कन्या" होती, सर्वेअर "नैसर्गिक पालक" होता आणि दात्या "त्रयस्थ इसम". अज्ञान कन्येचा ताबा त्रयस्थ इसमाकडून मिळावा. ताबा हा शब्द त्यानं आजवर फक्त बिल्डरांच्या पाट्यांवर वाचला होता. तो कागद हातात घेऊन तो सुकायला ठेवलेल्या साच्यांच्या रांगेसमोर उभा राहिला. बारा माणसांचे बारा जबडे, सगळे उघडे, आणि कुणीही काही बोलत नव्हतं.

वकिलाकडे जायचं म्हटल्यावर त्याला एकच पत्ता माहीत होता, आणि तिथे जायची त्याची छाती होत नव्हती. तो पत्ता बायकोच्या अक्षरात फ्रिजवर चार दिवस होता. तेव्हा तिच्या आजाराचं नाव कळून दोन महिने झाले होते आणि ती घरातल्या घरात भिंतीला हात लावत चालायला लागली होती. एके दिवशी तिनं स्वतःच फोन करून वेळ घेतली आणि चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली लावली. गुरुवार, अकरा. "मी काही मरायला टेकले म्हणून म्हणत नाहीये," ती म्हणाली होती, "पण एक काम उरकून टाकू. तो अजूनही सही देतो म्हणालाय. उद्या माणसाचं मन बदलतं." तो दूध काढायला फ्रिज उघडायचा आणि चिठ्ठी हलायची. गुरुवार, अकरा. त्याला वाटायचं, आपण त्या खुर्चीत बसलो, वकीलबाईंनी तोंड उघडून "यांच्या पश्चात" असं म्हटलं की ते खरं होणार. तोवर ते नुसतं डॉक्टरांचं मत होतं. बुधवारी दुपारी लॅबमधून त्यानं फोन लावला. "उद्याची अकराची वेळ रद्द करा." "दुसरी देऊ?" "कळवतो." घरी येऊन बायकोला सांगितलं, "वकीलबाई बाहेरगावी गेल्यात म्हणे. पंधरा दिवसांनी बघू." "बरं," ती म्हणाली, आणि उशीला टेकून त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. गुरुवारी संध्याकाळी तो परतला तेव्हा फ्रिजवर चिठ्ठी नव्हती, नुसतं चुंबक होतं. त्यानंतर पाच आठवड्यांनी एका मंगळवारी सकाळी, खारू शाळेत असताना, ती गेली. पंधरा दिवसांनी बघू हा विषय त्यातल्या कुठल्याच दिवशी कुणी काढला नाही.

वकीलबाईंची खोली बुटांच्या दुकानाच्या वर होती आणि जिन्याभर नव्या चामड्याचा वास होता. बाई साठीच्या, केस आखूड, टेबलावर कागदांपेक्षा थर्मास मोठा. त्यांनी पाकिटातला कागद सावकाश वाचला, मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मध्ये एकदाही तोडलं नाही. तो बोलायचा थांबल्यावर म्हणाल्या, "लोक माझ्याकडे भांडण पेटलं की येतात. तेव्हा मी फार तर पाणी मारू शकते. खरं यायचं ते सगळं गोडीत असताना. दुसरं लग्न करताना, मूल घरात येताना, घरात कुणी आजारी पडलं की, समोरचा सही द्यायला तयार असतो तेव्हा. पण तेव्हा वकिलाची पायरी चढणं माणसाला अभद्र वाटतं." "म्हणजे माझी बाजूच नाही?" "आहे ना. बापाचा हक्क मोठा, पण कोर्टासमोर मुलीचं हित त्याहून मोठं. आठ वर्षं वाढवलंय तुम्ही. शाळेचे कागद, डॉक्टरांचे कागद, शेजाऱ्यांच्या साक्षी, सगळं उभं करता येईल. दोन वर्षं लागतील, कदाचित तीन. तो माणूस वाईट असता तर काम सोपं होतं." "वाईट नाहीये तो," दात्या म्हणाला. "हे कोर्टात असं पटकन म्हणू नका," बाई म्हणाल्या, आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी तो त्याच्यापुढे ठेवला. मग जरा वेळ त्या बोटातली अंगठी फिरवत बसल्या. "तुम्ही आधी एकदा येणार होतात." "हो," तो म्हणाला, "मीच रद्द केली होती." "माहितीये. त्या गुरुवारी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला होता. मी बाहेरगावी नव्हते, मीच उचलला."

खालच्या दुकानात कुणी तरी नवे बूट घालून चालून बघत होतं. चार पावलं जायची, वळायची, चार पावलं परत. दात्या ते ऐकत राहिला. "त्यांनी विचारलं, मी एकटी आले तर चालेल का," वकीलबाई सांगत होत्या. "मी म्हटलं, दत्तक घेणारे ते, त्यांच्या सहीवाचून हे होणार नाही. मग म्हटलं, तुमची तब्येत अशी आहे तर मी तुमच्या घरी येते, त्यांना समजावते. तर म्हणाल्या, नको. त्याला अजून मी बरी होणार असं वाटतंय. तेवढं मला मोडवत नाही." बाईंनी थर्मासचं बूच घट्ट लावलं. "हे तुम्हाला सांगावं की नाही, यावर मी सकाळपासून विचार करतेय. पण खटला चालवायचा तर वकिलाकडे असलेली गोष्ट पक्षकाराकडेही असावी." त्यानं झाकणातला चहा उचलला आणि तसाच खाली ठेवला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही. नुसती खुर्चीची पाठ हाडांना कळायला लागली. म्हणजे त्या पाच आठवड्यांत, तो तिला बरं होण्याच्या गोष्टी सांगत असताना, पुढच्या सुट्टीचे बेत करत असताना, ती त्याच्याकडे बघून मान डोलावत होती आणि तिला सगळं माहीत होतं. त्याचं खोटंही माहीत होतं, त्याची किंमतही माहीत होती, आणि ती किंमत पोरीच्या वाट्याला जाणार हेसुद्धा. आपल्या नवऱ्याला महिनाभर आणखी आशा असावी म्हणून तिनं हे केलं. त्यानं तर ती मागितलीही नव्हती. "लढायचं ना?" बाईंनी विचारलं. "लढायचं," तो म्हणाला.

लढाई म्हणजे मुख्यतः वाट पाहणं असतं, हे त्याला कळत गेलं. लांब व्हरांडा, लोखंडी बाक, पुकारा होईपर्यंत भिंतीवरची तीच ती सूचना वाचायची. कोर्टानं खटल्याचा निकाल लागेस्तोवर शनिवार-रविवार खारूनं सर्वेअरकडे राहावं असं ठरवून दिलं. ती पहिल्यांदा तिकडून परतली तेव्हा दार उघडताच म्हणाली, "तिकडचा पलंग करकरतो." दुसऱ्यांदा म्हणाली, "त्यांच्याकडे एक दुर्बीण आहे, तिच्यातून लांबचा माणूस उलटा दिसतो." तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही. दात्या आपल्या तोंडाकडे कसा बघतो ते तिला कळलं होतं, आणि आपल्याला तिकडे मजा आली हे तिनं दप्तरात तळाशी ठेवल्यासारखं लपवलं. कोर्टाची तारीख जवळ आली की तिच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टरांना पोटात काहीच सापडायचं नाही. एका तारखेला तिला समुपदेशक बाईंनी एकटीला खोलीत बोलावलं आणि बाहेरच्या बाकावर तो आणि सर्वेअर शेजारीशेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. बऱ्याच वेळानं सर्वेअर दबक्या आवाजात म्हणाला, "ती आंघोळीला एवढा वेळ का लावते हो?" "नळ सोडून ठेवते आणि स्वतःला गोष्टी सांगते. दारावर थाप मारायची नाही, गोष्ट तुटते." "मी मारली होती," सर्वेअर ओशाळून म्हणाला. "मग चिडली असेल." "दिवसभर." दोघं एकदमच हसले. मग दार उघडलं, खारू बाहेर आली, दोघांच्याही मधून सरळ बेसिनकडे गेली आणि ओकली. उठले दोघंही. पण तिनं मागे हात करून दोघांनाही थांबवलं, त्या तारेच्या बारीक वणाच्या हातानं.

आत ती काय म्हणाली ते समुपदेशक बाईंनी दोन्ही वकिलांना सांगितलं, आणि वकीलबाईंनी ते दात्याला बुटांच्या दुकानाबाहेर फुटपाथवर उभं राहून सांगितलं. कुणाकडे राहायला आवडेल, या प्रश्नाला तिनं उत्तर दिलंच नाही. फार वेळानं उलट विचारलं, "मी एकाकडे राहिले तर दुसरा मरणार नाही ना?" रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दात्यानं दोनदा विचारलं, "काय म्हणाली?" दोन्ही वेळा वकीलबाईंनी तेच शब्द तसेच सांगितले. "पुढची तारीख कधी आहे?" "दीड महिन्यानं. मग तिला न्यायाधीश स्वतः विचारतील." "आणि त्यानंतर?" "आपण जिंकलो तर ते वरच्या कोर्टात जातील. ते जिंकले तर आपण. मी तुमच्या बाजूनं आहे, थांबा असं मी म्हणणार नाही." तो पुढे चालत गेला, कोपऱ्यापर्यंत, परत आला. कुणी तरी सोडलं पाहिजे होतं. सर्वेअरनं का सोडावं? त्याच्याकडे कायदा होता, कपाळ होतं, पाच वर्षांची न प्यायलेली दारू होती. आपल्याकडे एक बुधवार होता. "थांबवा," तो म्हणाला, "पोरगी म्हणजे काय हद्दीचा दगड आहे का, रोज कुणी तरी हलवून बघायला?"

खारूनं सर्वेअरकडे राहायचं असं ठरलं, पण तडजोडीच्या अटी लिहिताना मात्र वकीलबाई हटून बसल्या. सर्वेअरच्या वकिलानं "अधूनमधून भेटता येईल" असं लिहून आणलं होतं. ते त्यांनी जागच्या जागी खोडलं. "अधूनमधून म्हणजे कधीच नाही. आज तुमच्या दोघांचं जमतंय म्हणून हे चालेल, पण कागद न जमण्याच्या दिवसासाठी असतो." दर शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मोठ्या सुट्टीतला निम्मा भाग. शाळेच्या आणि दवाखान्याच्या नोंदीत दात्याचं नाव आणि नंबर. गाव सोडून जायचं तर आधी त्याला लेखी कळवायचं. दात्यानं एकेक ओळ दोनदा वाचली, ओठ हलवत, शिकाऊ मुलासारखी. सर्वेअरनं कशालाच हरकत घेतली नाही. कितीतरी वर्षांपूर्वी अशाच एका टेबलाशी तासभर बसायचं होतं, तोच माणूस, तीच सही, आणि फक्त कागद वेगळा. दात्यानं सही केली. अक्षर चांगलं आलं.

निघायच्या आदल्या दिवशी चारच्या उन्हात खारूची पुस्तकं खोक्यात भरायचं काम चाललं होतं. ती वह्यांच्या कडा जुळवत म्हणाली, "दात्या, तू हरलास का?" "नाही. मी सही केली." "का?" तो सांगू शकला असता की तुझ्या पोटात दुखायचं म्हणून. ते खरंही होतं. पण ते ओझं तिच्या डोक्यावर ठेवायचं तर मग आपण काय सोडलं? म्हणून त्यानं तिला पहिल्यापासून सांगितलं. दत्तक म्हणजे काय, आईनं वेळ कशी घेतली होती, चिठ्ठी, बुधवार, फोन. आईचा वकीलबाईंना गेलेला फोन तेवढा त्यानं सांगितला नाही. आई तिच्यासाठी भांडली होती एवढंच तिच्याकडे असू दे, असं त्याला वाटलं. खारू हातातली वही तशीच धरून ऐकत होती. "म्हणजे तू तेव्हा गेला असतास तर हे काहीच झालं नसतं?" "बहुतेक नसतं झालं." "ते डॉक्टर, ते कोर्ट, त्या बाईंचे प्रश्न?" "नसते." "म्हणजे तुझ्यामुळे." "हो," तो म्हणाला. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला. तिनं वही खोक्यात आपटली, बाथरूममध्ये गेली, आणि कडी लावली. तो दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला. नळ सुरू झाला. त्यामागून गोष्टीचा आवाज येतो का म्हणून त्यानं कान लावला. नुसतं पाणी पडत होतं. सकाळी सर्वेअर न्यायला आला तेव्हा ती दात्याकडे न बघता गाडीत बसली.

पहिल्या शनिवारी दहाला पाच कमी असताना तो सर्वेअरच्या इमारतीखाली उभा होता. वरून सर्वेअर एकटाच उतरला. "नाही म्हणतेय," तो पडेल आवाजात म्हणाला. "मी समजावलं. दार लावून बसलीय. कागद तुमच्या बाजूनं आहे, तुम्ही म्हणाल तर ओढून आणतो." "नको. तसं नको." "मग?" "बसतो मी इथे." "वर या ना, उन्हात कशाला?" "घर तुमचं आहे," दात्या म्हणाला, आणि इमारतीच्या पायऱ्यांवर एका कडेला बसला. कागदावर सहापर्यंत लिहिलं होतं. तो सहापर्यंत बसला. येणारेजाणारे लोक त्याला वळसा घालून जायचे. एका म्हातारीनं कुणाकडे आलात म्हणून विचारलं, त्यानं वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. दुपारी सर्वेअर काही न बोलता खाली येऊन शेजारी चहाचा कप ठेवून गेला. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी वरच्या खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला, पण वाराही होता. वकीलबाईंचा फोन आला, "अटी पाळल्या जात नाहीत, अर्ज करू का?" "कुणावर?" त्यानं विचारलं, आणि फोन खिशात टाकला. त्या आठवड्यात कवळीचा एक दात सतत तिरका बसत होता. तीन वेळा मेण वितळवून त्यानं पुन्हा रोवला आणि हत्यार सटकून बोट कापून घेतलं. चौथ्या शनिवारी त्यानं दिवसभरात काहीच केलं नाही. वाचलं नाही, कुणाशी बोलला नाही, वर पाहिलं नाही. बायको शेवटी शेवटी खिडकीशी अशी बसायची. कशाची वाट बघतेस, असं त्यानं तिला एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, कशाची नाही रे, नुसती बसलेय.

पाचव्या शनिवारी साडेपाचच्या पुढे मागे जिन्यात चपलांचा आवाज झाला. सर्वेअरची पावलं जड पडायची, ही तशी नव्हती. दात्यानं मान वळवली नाही. आवाज खाली आला, थांबला, परत दोन पायऱ्या वर गेला, आणि मग कुणी तरी त्याच्या मागे, दोन पायऱ्या सोडून, बसलं. साबणाचा वास आला, अनोळखी, तिकडच्या घरातला. तो समोरच्या भिंतीवरची पोपडे आलेली जागा पाहत राहिला. काही तरी बोलावं असं फार वाटलं, आणि जे जे सुचलं ते ते त्यानं गिळलं. रस्त्यावरून एक सायकल गेली. एक माणूस पिशव्या घेऊन वर चढला आणि दोघांच्या मधून वाट काढताना म्हणाला, "जरा सरका." दोघंही सरकले.

"बोटाला काय झालं?" मागून आवाज आला.

"हत्यार लागलं."

"औषध लावलंस का?"

"लावलं."

ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. तिचा श्वास ऐकू येत होता, सर्दी झाल्यासारखा. दात्यानं मनगटावर पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि पँट झटकली. सकाळीच त्यानं घड्याळ सेकंदाला सेकंद लावून घेतलं होतं.

"सहा वाजले, खारू," तो म्हणाला, "निघतो."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. गुडघ्यांवर हनुवटी ठेवून समोरच्या त्याच भिंतीकडे बघत होती.

"तुझं घड्याळ पुढे आहे," ती म्हणाली.

तो पुन्हा बसला.